हयातीचा दाखला

पेन्शनीवर निर्वाह करणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा, बहुधा नोव्हेंबर महिन्यात, बँकेला किंवा कचेरीला आपण जिवंत असल्याचे लिहून द्यावे लागते. या कागदाला आपल्याकडे हयातीचा दाखला म्हणतात. सरकारी व्यवहारात त्याचे मोल एका वर्षापुरते; पुढचा नोव्हेंबर उजाडला की जुना दाखला बाद होतो आणि नवा द्यावा लागतो. वैद्यकाच्या इतिहासात मात्र एक प्रकरण असे आहे की ज्यातील बहुतेक सारे ज्ञान असल्याच दाखल्यांच्या थप्पीवर उभे राहिले आहे. एखाद्या अवयवात उपजलेला कर्करोग फुप्फुसांपर्यंत जाऊन पोहोचला आणि शल्यवैद्याने फुप्फुसांतील त्या गाठी काढून टाकल्या, तर रोगी पुढे किती वर्षे जगतो, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत सापडण्याजोगे नव्हते. रोगी घरी गेल्यावर त्याची वही मिटून न टाकता ती पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी पुन्हा उघडून पाहणाऱ्या माणसांनी ते उत्तर दिले. त्या माणसांची आणि त्या वह्यांची ही हकीकत आहे.

१९३३ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल या जुन्या आणि प्रतिष्ठित रुग्णालयात, ५५ वर्षे वयाच्या एका बाईच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली. तिच्या मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ झाली होती आणि ते मूत्रपिंड काढून टाकण्यात आले होते. परंतु त्याच रोगाची एक गाठ फुप्फुसातही असल्याचे क्ष-किरणांच्या चित्रात दिसत होते. त्या काळच्या वैद्यकाच्या दृष्टीने फुप्फुसात पोहोचलेला कर्करोग म्हणजे निकाल लागलेला दावा. त्याच्यावर अपील नाही. अशा रोग्याला घरी पाठवावे, वेदना होतील तेव्हा मॉर्फिन द्यावे आणि नातलगांना हलक्या आवाजात मुदत सांगावी, हा शिरस्ता होता. एडवर्ड चर्चिल या शल्यवैद्याने तो मोडला आणि गाठीसह फुप्फुसाचा तो खंड काढून टाकला. मूत्रविकारांचे तज्ज्ञ डेलिंजर बार्नी आणि चर्चिल या दोघांनी मिळून १९३९ साली ही केस प्रसिद्ध केली, तेव्हा शीर्षकातच 'बरा झालेला' अशा अर्थाचा शब्द घालण्याचे धाडस त्यांनी केले. सहा वर्षांच्या हयातीवर एवढा मोठा शब्द वापरणे घाईचे आहे, असे त्या वेळी कोणी म्हटले असते तर त्याला दोष देता आला नसता. परंतु ती बाई शस्त्रक्रियेनंतर २३ वर्षे जगली, आणि अखेरीस मृत्यू आला तो हृदयविकाराने. कर्करोग परतला नव्हता.

या एका आयुष्याचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

कर्करोग मूळ जागा सोडून दूरच्या अवयवात नवे ठाणे बसवतो, या गोष्टीला 'मेटास्टॅसिस' हे नाव फ्रेंच वैद्य रेकामिए याने १८२९ साली दिले. फुप्फुसेच या रोगाच्या तावडीत वारंवार का सापडतात, याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. हातापायांतून, मस्तकातून, मूत्रपिंडांतून परतणारे सारे अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यात येते आणि तेथून ते फुप्फुसांच्या केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांतून गाळले जाते. नदीच्या पुराबरोबर वाहत आलेला काडीकचरा बंधाऱ्याच्या जाळीत अडकावा, तशा मूळ गाठीपासून सुटलेल्या पेशी या पहिल्याच जाळीत अडकतात. अडकलेली प्रत्येक पेशी रुजते असे मात्र नाही. लंडनचा स्टीफन पॅजेट याने १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाचे तपशील एकत्र करून दाखवले की रोगाचे बी सर्व दिशांना उधळले गेले तरी ते रुजते मानवेल त्याच भूमीत. शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. परंतु या विचारातच शल्यवैद्यांच्या पुढच्या आशेचे बीजही होते. एखाद्या रोग्यात कर्करोगाला फक्त फुप्फुसाचीच भूमी मानवली असेल आणि उगवलेली रोपे मोजकीच असतील, तर ती उपटून काढल्यावर शेत साफ होणे अशक्य नाही.

ही कल्पना सुचण्यापूर्वीच तिचा प्रयोग होऊन गेला होता, आणि तोही अनवधानाने. १८८२ साली व्हिएन्नाचा वाइनलेखनर हा शल्यवैद्य एका रोग्याच्या छातीच्या भिंतीवरील सार्कोमा जातीची कर्करोगाची गाठ काढत असता त्याला फुप्फुसातही गाठी आढळल्या आणि त्याने त्या काढल्या. रोगी दुसरा दिवस पाहू शकला नाही. त्यानंतर लवकरच झुरिकच्या क्रोनलाइनपुढे तसाच प्रसंग उभा राहिला. रोगी एक तरुण मुलगी होती. त्यानेही हाताशी आलेली फुप्फुसातील गाठ काढली, आणि ती मुलगी सात वर्षे जगली. पुढे रोग उलटला आणि ती गेली. तरीही त्या शतकात, त्या शस्त्रांनी, त्या भुलीखाली ही सात वर्षे मिळाली होती, आणि ती कोणी तरी मोजून ठेवली म्हणूनच आज आपल्याला ठाऊक आहेत.

मुद्दाम छाती उघडून हे काम करणे मात्र तेव्हा जवळजवळ असाध्य होते. छातीचा पिंजरा आतून बंद असतो आणि त्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणूनच फुप्फुस फुगलेले राहते. भिंतीला छेद जाताच हवा आत शिरते आणि फुप्फुस ओल्या फडक्यासारखे चिपून बसते. या अडचणीवर १९०४ साली ब्रेस्लाउ येथे फर्डिनंड साउरब्रुख याने जो उपाय काढला तो आज नवलाचा वाटतो. त्याने एक बंद खोलीच बांधली. रोग्याचे धड खोलीच्या आत आणि डोके गळ्याभोवतीच्या घट्ट पट्टीतून बाहेर, अशी योजना करून, खोलीतील हवेचा दाब कमी ठेवून, शल्यवैद्य स्वतः त्या खोलीत उभा राहून शस्त्र चालवी. पुढे श्वासनलिकेत नळी घालून फुप्फुसांत दाबाने हवा भरण्याची सोपी रीत रूढ झाली आणि ती खोली निकामी ठरली. १८९५ साली रंटगेनने शोधलेले क्ष-किरण तोवर रोजच्या वापरात आले होते, आणि छाती न उघडताही आतली सावली दिसू लागली होती. १९२६ साली प्रागच्या दिविश याने केवळ फुप्फुसात पसरलेली गाठ काढण्याच्या हेतूनेच शस्त्रक्रिया केली. १९२९ साली सान फ्रान्सिस्कोच्या हॅरल्ड ब्रन याने फुप्फुसाचा खंड एकाच बैठकीत काढून छातीत निचऱ्याची बंद नळी ठेवण्याची पद्धत दाखवून दिली. आणि १९३३ च्या एप्रिलमध्ये सेंट लुईसच्या एव्हर्ट्स ग्रॅहम याने जेम्स गिल्मोर या डॉक्टराचे डावे फुप्फुस सबंध काढले. गिल्मोर १९६३ पर्यंत जगला. ग्रॅहम मात्र १९५७ साली, स्वतःच फुप्फुसाच्या कर्करोगाने, त्याच्या आधी गेला. १९३३ सालीच चर्चिलने बॉस्टनच्या त्या बाईची छाती उघडली, तेव्हा शस्त्र आणि भूल या दोन्ही गोष्टी सिद्ध झालेल्या होत्या. उरला होता तो हिशोब, आणि त्याचे श्रेय बॉस्टनच्याच दुसऱ्या एका माणसाला द्यावे लागते.

त्याचे नाव अर्नेस्ट कॉडमन. १८६९ साली जन्मलेला हा शल्यवैद्य मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातच काम करीत होता. त्याच्या डोक्यात एक विचार असा बसला होता की तो आयुष्यभर त्याला सुटला नाही. तो विचार असा की रुग्णालयाने ज्या ज्या रोग्यावर उपचार केला त्याची पुढे निदान एक वर्षभर चौकशी ठेवावी, उपचार सफल झाला की नाही हे लिहावे, झाला नसेल तर का झाला नाही याचाही शोध घ्यावा, आणि हा सारा जमाखर्च लोकांपुढे मांडावा. त्यासाठी त्याने एक कार्ड बनवले. त्यावर रोग्याची लक्षणे, शस्त्रक्रियेआधीचे निदान, केलेला उपचार, रुग्णालयात असता झालेले उपद्रव, घरी जाताना ठरलेले निदान आणि शेवटी वर्षानंतरचा निकाल, असे क्रमाने लिहायचे. सावकाराच्या खतावणीत एका बाजूस जमा आणि दुसऱ्या बाजूस येणे असते, तसेच हे कार्ड. फरक इतकाच की येथे येणे रोग्याचे असते आणि देणे वैद्याचे. रुग्णालयाने ही पद्धत पुरती स्वीकारली नाही, ज्येष्ठतेवरच बढत्या चालू ठेवल्या, तेव्हा १९१४ साली कॉडमनने राजीनामा दिला. त्याआधीच, १९११ साली, त्याने स्वतःचे छोटे रुग्णालय काढले होते. तेथून पाच वर्षांत बाहेर पडलेल्या ३३७ रोग्यांचा हिशोब त्याने छापला आणि त्यात आपल्या हातून झालेल्या १२३ चुका कबूल करून त्यांची वर्गवारीही केली. त्या काळी वैद्याने आपल्या चुका छापून वाटणे म्हणजे आपल्याच पेढीचे दिवाळे जाहीर करण्यासारखे होते. मित्र दुरावले, रोगी कमी झाले, उत्पन्न आटले.

यानंतर कॉडमन एका विरळा रोगाकडे वळला. हाडात उपजणारा सार्कोमा हा तो रोग. दहा लाख माणसांत वर्षाला दोन-चारांना होणारा, आणि त्यातही बहुधा पंधरा-सोळा वर्षांच्या, वाढीला लागलेल्या मुलामुलींच्या गुडघ्याशी मूळ धरणारा. अशा रोगाचे एका शल्यवैद्याच्या साऱ्या कारकिर्दीतही पाच-दहाच रोगी दृष्टीस पडायचे, आणि पाच-दहांवरून कोणताही सिद्धांत बांधता येत नाही. म्हणून कॉडमनने १९२० साली देशभरच्या शल्यवैद्यांना पत्रे घालून हाडाच्या सार्कोमाच्या रोग्यांचे तपशील, क्ष-किरणचित्रे आणि गाठीचे तुकडे मागवले. त्याने विशेष आग्रह धरला तो जिवंत राहिलेल्यांचा. त्यातून उभे राहिलेले दप्तर हे अमेरिकेतील कर्करोगाच्या नोंदणीचे पहिले दप्तर होय. जेम्स युइंग आणि जोसेफ ब्लडगुड या नामांकित वैद्यांनी त्याला साथ दिली. पुरावा टेबलावर आला तेव्हा असे आढळले की 'बरे झालेले' म्हणून पाठवलेल्या कित्येक रोग्यांना मुळात तो रोगच नव्हता. गाठ निराळ्या, कमी घातक जातीची होती. कॉडमनला हा शोध कटू वाटला नसेल, कारण खोटा दाखला रद्द झाल्याशिवाय खऱ्या दाखल्याला किंमत येत नाही, हे त्याने आधीच ओळखले होते. सार्कोमाच्या क्ष-किरणचित्रात हाडावरचे आवरण उचलले जाऊन जो तिकोनी कंगोरा दिसतो, त्याला आजही जगभरचे वैद्य 'कॉडमनचा त्रिकोण' म्हणतात. तो १९४० साली गेला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो बसला २०१४ साली.

ज्या रुग्णालयाशी कॉडमनने भांडण मांडले होते, त्याच रुग्णालयातील एका बाईची वही २३ वर्षे उघडी राहावी, हा योग आहे. पण अर्थपूर्ण योग आहे.

चर्चिलच्या केसवरून इतरांना धीर आला. मिशिगन विद्यापीठात ऍन आर्बर येथे जॉन अलेक्झांडर हा शल्यवैद्य होता. त्याला स्वतःला क्षयाने गाठले होते आणि क्षयाच्या शस्त्रक्रियेवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ त्याने अंथरुणावर पडल्या पडल्या लिहिला होता. छातीच्या शस्त्रक्रियेचे सारे कसब क्षयरोग्यांच्या फुप्फुसांवर घटवले गेले, आणि त्याचा उपयोग पुढे कर्करोग्यांना झाला, ही गोष्ट क्षयाने घरेच्या घरे उद्ध्वस्त झालेली पाहिलेल्या समाजाने विसरू नये. अलेक्झांडर आणि त्याचा सहकारी कॅमेरॉन हेट यांनी १९४७ साली फुप्फुसातील पसरलेल्या गाठी काढलेल्या २४ रोग्यांचा लेखाजोखा प्रसिद्ध केला आणि त्याबरोबर काही शर्ती घातल्या. मूळ जागेचा रोग पूर्ण ताब्यात आलेला असावा, फुप्फुसांखेरीज इतरत्र कोठेही रोगाचा मागमूस नसावा, आणि रोग्याच्या अंगात शस्त्रक्रिया सोसण्याची ताकद असावी. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच शस्त्र उचलावे. १९६५ साली मेयो क्लिनिकच्या थॉमफर्ड, वूलनर आणि क्लॅगेट यांनी २०५ रोग्यांचा हिशोब मांडला तेव्हा पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण शेकडा ३० निघाले. शंभरातले सत्तर गेले, हे खरेच. परंतु त्यापूर्वीच्या वैद्यकाने शंभरही सोडून दिले असते.

यानंतरचा अध्याय पुन्हा हाडाच्या सार्कोमाचा आहे. या रोगात पाय कापून टाकला तरी मुले वाचत नसत. शस्त्रक्रियेच्या दिवशी छातीचे चित्र अगदी स्वच्छ असे. सहा महिन्यांत, वर्षात फुप्फुसांत सावल्या उमटत, आणि पाच मुलांपैकी चार या वाटेने जात. १९६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात एडवर्ड बीटी, नेल मार्टिनी आणि त्यांचे सहकारी यांनी ठरवले की या सावल्या दिसताच छाती उघडायची. एका बाजूच्या काढून झाल्यावर दुसऱ्या बाजूस दिसल्या तर तीही उघडायची. पुन्हा उगवल्या तर पुन्हा. १९७१ साली त्यांनी अशा २२ रोग्यांचा वृत्तांत दिला, आणि वीस वर्षांनी, १९९१ साली, तेच दप्तर पुन्हा उघडले, तेव्हा त्यांतील काही जण हयात होते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ज्यांच्या आईबापांनी त्यांच्यावर पाणी सोडले असते, ती मुले आता चाळिशीकडे झुकलेली माणसे झाली होती.

ही शस्त्रक्रिया जवळून पाहिली तर तिच्यातील कसब हे शस्त्रापेक्षा बोटांचे आहे, असे दिसते. भूल देणारा वैद्य एका बाजूच्या फुप्फुसाची हवा बंद करतो, फुगलेले गुलाबी-करडे फुप्फुस हळूहळू खाली बसते, आणि मग शल्यवैद्य तो मऊ, स्पंजासारखा अवयव दोन्ही हातांच्या बोटांमध्ये धरून टोकापासून पायथ्यापर्यंत, इंच इंच, डोळे जणू बोटांत आणून चाचपतो. पिठाच्या गोळ्यात राहून गेलेला खडा मळणाऱ्या बाईच्या बोटाला लागावा, तशी गाठ लागते. हाडाच्या सार्कोमाची गाठ तर फुप्फुसातही हाडच तयार करते, आणि म्हणून ती हरभऱ्याएवढी असली तरी दगडासारखी टणक भासते. यंत्राने काढलेल्या चित्रात चार गाठी दिसाव्यात आणि बोटांना पाच-सहा लागाव्यात, असे कितीदा तरी घडत आले आहे. सापडलेली प्रत्येक गाठ भोवतालच्या थोड्याशा निरोगी भागासह, कलिंगडाची फोड काढावी तशी तिकोनी कापून घेतात आणि उरलेली कड शिवतात. कारण रोग्याला पुढचे आयुष्य याच फुप्फुसांवर काढायचे असते, आणि कदाचित पुन्हा एकदा याच टेबलावर यावेही लागते.

१९७० नंतर या शस्त्रक्रियेला औषधांची जोड मिळाली. मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत, ऍड्रियामायसिन आणि मागाहून सिस्प्लॅटिन, ही औषधे रक्तातील अदृश्य बीच मारू लागली, आणि शस्त्राकडे काम उरले ते उगवलेल्या गाठींपुरते. पण ही जोड प्रत्येकाला पुरली नाही. कॅनडाच्या टेरी फॉक्स या मुलाचा उजवा पाय १९७७ साली हाडाच्या सार्कोमासाठी गुडघ्याच्या वर कापला गेला. कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसा जमवण्याकरता त्याने १९८० च्या एप्रिलमध्ये, कृत्रिम पाय लावून, देशाच्या पूर्व टोकापासून धावण्यास आरंभ केला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर थंडर बे या गावाजवळ त्याला खोकला आणि छातीतील कळ असह्य झाली, आणि तो थांबला; रोग फुप्फुसांत पोहोचला होता. १९८१ च्या जूनमध्ये तो गेला, तेव्हा त्याला तेविसावे वर्ष पुरे व्हायला एक महिना उरला होता. बॉस्टनच्या त्या बाईला शस्त्रक्रियेनंतर जितकी वर्षे लाभली, तितके या मुलाचे सारे आयुष्यही झाले नाही. दीर्घकाळ जगलेल्यांची हकीकत सांगताना अशांची नावे वगळणे म्हणजे वहीचे एक पान फाडणे होय.

विखुरलेल्या वह्या एकत्र बांधण्याचे काम १९९१ साली सुरू झाले. मिलानचा उगो पास्तोरिनो आणि त्याचे सहकारी यांनी युरोप, अमेरिका आणि कॅनडा येथील १८ शल्यविभागांकडून फुप्फुसांतील पसरलेल्या गाठी काढलेल्या ५,२०६ रोग्यांचे तपशील मागवले आणि १९९७ साली त्यांचा ताळेबंद मांडला. गाठी पूर्णपणे काढता आलेल्या रोग्यांत पाच वर्षे जगलेले शेकडा ३६, दहा वर्षे जगलेले शेकडा २६ आणि पंधरा वर्षे जगलेले शेकडा २२ निघाले. गाठी मागे राहिल्या त्यांच्यात पाच वर्षे गाठणारे अवघे शेकडा १३ होते. मूळ रोग कोणत्या जातीचा, यावरही बरेच अवलंबून होते. जननपेशींच्या अर्बुदांत पाच वर्षे जगलेले शेकडा ६८, सार्कोमात ३१, तर मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात २१. मूळ रोग काढल्यानंतर फुप्फुसातील गाठ तीन वर्षांनी किंवा त्याहून उशिरा उगवलेली आणि ती एकटीच असेल, तर आशा सर्वांत अधिक. या आकड्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो दहा आणि पंधरा वर्षांमधला उतार. दहा वर्षे काढलेल्यांपैकी बहुतेकांनी पंधरावेही गाठले. म्हणजे पहिल्या काही वर्षांची खिंड ओलांडलेला रोगी सपाटीला लागतो. पसरलेल्या कर्करोगातून माणूस खरोखर सुटू शकतो, याचा याहून भक्कम पुरावा तोवर कोणी दिला नव्हता.

तरीही कॉडमनचा आत्मा या ताळेबंदावर पूर्ण संतुष्ट झाला नसता. या वहीत ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली तेच होते. ज्यांच्यावर झाली नाही त्यांचे पान कोठे आहे? शल्यवैद्याने मुळात ज्यांचा रोग संथ आहे, गाठी थोड्या आहेत, अंगात ताकद आहे, अशांनाच निवडले असेल, तर त्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय शस्त्राचे किती आणि रोगाच्या मंद गतीचे किती? हा प्रश्न शल्यवैद्यांनीच विचारला, हे त्यांना भूषणावह आहे. लंडनचा टॉम ट्रेझर याच्या पुढाकाराने २०१० साली मोठ्या आतड्याचा कर्करोग फुप्फुसांत पसरलेल्या रोग्यांत, कोणाची छाती उघडायची आणि कोणाची नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून, तुलना सुरू झाली. रोगी पुरेसे मिळेनात म्हणून ती २०१६ साली थांबवावी लागली. ९३ जणांचा हिशोब हाती आला. शस्त्रक्रिया झालेल्यांत पाच वर्षे जगलेले सुमारे शेकडा ३६, आणि न झालेल्यांत सुमारे शेकडा ३०. शस्त्राविना असे रोगी पाच वर्षांत जवळजवळ सारेच जातात, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज त्यामुळे डळमळला. हा निकाल आतड्याच्या कर्करोगापुरता आहे. हाडाच्या सार्कोमासारख्या विरळ रोगांना तो तसाच्या तसा लावता येत नाही, कारण तेथे गाठी न काढता वर्षानुवर्षे जगलेले रोगी क्वचितच सापडतात. परंतु त्याने एक धडा दिला आणि तो मोलाचा आहे. जगलेल्यांची वही जितक्या प्रामाणिकपणे ठेवावी, तितक्याच प्रामाणिकपणे दुसरी बाजूही लिहावी. एका बाजूचा हिशोब कितीही सुखद असला तरी त्यावर शिलकेची रुजुवात होत नाही.

आपल्या मुंबईचा या कथेशी संबंध आहे तो याच वहीच्या निमित्ताने. परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीत सुरू झाले आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रियेची एक मोठी परंपरा तेथे उभी राहिली. १९६३ साली डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबई शहरातील कर्करोगाच्या रुग्णांची नोंदणी सुरू केली. देशातील असे हे पहिलेच दप्तर. पाश्चात्य देशांत रुग्णालये आपण होऊन कागद पाठवतात. आपल्याकडे तसे होणे शक्य नव्हते, म्हणून या दप्तराचे कर्मचारी स्वतः रुग्णालयोरुग्णालयी जाऊन केसपेपर तपासतात आणि महापालिकेतील मृत्यूच्या नोंदींशी नावे ताडून पाहतात. एकच माणूस तीन रुग्णालयांत तीन तऱ्हांनी लिहिलेल्या नावांनी नोंदलेला असतो. कोठे आडनाव पुढे, कोठे बापाचे नाव गाळलेले, कोठे चाळीचा पत्ता आणि कोठे गावाचा. हे तिन्ही एकच, हे ओळखणे हे त्या कर्मचाऱ्याचे काम. त्याचे नाव कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात येत नाही, पण किती रोगी आहेत आणि त्यांचे पुढे काय झाले, हे आपल्याला जे काही ठाऊक आहे ते त्याच्या पायपिटीमुळे.

आता जे सांगायचे ते रोगातून उठलेल्या माणसाला सांगायचे आहे. फुप्फुसातील गाठ काढून सहा-सात वर्षे लोटली, खोकला नाही, धाप नाही, शेतावर किंवा कचेरीत पूर्ववत काम चालू आहे, अशा माणसाला मुंबईची किंवा पुण्याची फेरतपासणीची तारीख जिवावर येते. रजा काढावी लागते, एस.टी.चे किंवा रेल्वेचे भाडे पडते, तपासणीच्या आदल्या रात्री झोप येत नाही, आणि घरची माणसे म्हणतात की बरे आहे ते बरे आहे, कशाला खपली काढायची? हे सारे खरे आहे, आणि ज्याने भोगले नाही त्याने त्याला उपदेश करू नये. तरी एवढे सांगावेसे वाटते की रुग्णालयाच्या खिडकीशी दिलेली हजेरी एकट्या त्याच्या उपयोगाची नसते. गाठ परतली तर ती लहान असता सापडावी, हा तिचा एक हेतू; परंतु ती परतली नाही, हेही कोठे तरी लिहिले गेले पाहिजे, हा दुसरा. बॉस्टनच्या त्या बाईने आपल्या २३ वर्षांत दुसरे काही केले की नाही हे इतिहासाने नोंदलेले नाही. ती जिवंत होती आणि हे कोणी तरी वेळोवेळी लिहून ठेवले, एवढ्यावर पुढच्या पिढ्यांतील वैद्यांनी छाती उघडण्याचे धैर्य केले. उद्या एखाद्या खेड्यातील आईबाप आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाचे चित्र हातात घेऊन डॉक्टरांना विचारतील की या रोगातून आजवर कोणी वाचले आहे काय, तेव्हा डॉक्टरांना वही उघडून 'होय' म्हणता यावे, म्हणून हा हयातीचा दाखला द्यायचा असतो.